कोथिंबीर फ्रीजमध्येच होती

सोमवार संध्याकाळ, गोडादरा

आजपासून यांची लूमवर रातपाळी. हे चपला घालत होते आणि पिहूने भोकाड पसरलं. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते ना, त्यातल्या मूठभर हव्या म्हणे! पाच वर्षांची झाली तरी हट्ट तसाच. मी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला. "टिकल्या हव्यात ते कळलं. पण आधी सांग, आत काय होतंय?"

मुसमुसत म्हणाली, "पप्पा रात्री नसले की भीती वाटते." यांनी तिला उचलून घेतलं. टिकल्या विसरलीच पोरगी. मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं!

हे जिना उतरू लागले तशी मी वरून ओरडले, "सकाळी येताना कोथिंबीर आणा हं!" मागच्या रातपाळीलाही रोज काहीतरी आणायला सांगायचेच मी. का, कोण जाणे.

पिहूने फ्रीज उघडला आणि शेजारच्या पोरांसारखं गुजरातीत म्हणाली, "मम्मी, कोथमीर तो छे!" होतीच. कालच मी निवडून ठेवलेली.

मग आली आणि आपला इवलासा हात माझ्या पोटावर ठेवून म्हणाली, "आत काय होतंय?"

तिला सांगितलं, पप्पा रात्री नसले की मलाही भीती वाटते. यांना सकाळी सांगेन म्हणते. की पुन्हा कोथिंबीरच मागेन?