तीन मिलिमीटरची ब्रेकव्हॅन

१५ ऑक्टोबर १९७२, रविवार

चौथी वॅगन पुरी झाली. साळवे गार्डसाहेबांनी (इथून पुढे गा.सा.) तळहातावर उलटी धरली, चाकांना फुंकर मारली. फिरली.

"हाय बरं का हात तुला, कॉलेज."

बी.एस्सी. अर्ध्यात सोडली म्हणून मला कॉलेज म्हणतात. दुसरा कोणी म्हणाला असता तर...

ऑगस्टात मामाच्या सायकल दुकानातले जुने स्पोक गा.सां.कडे पोचवायला गेलो, तो तिथलाच झालो. एकतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होता हा माणूस. आता पडवीत बसून बोटाएवढी मालगाडी करतो. सुटे भाग पेटीत भरून विलायतेहून येतात, यांचा जुना लोको फोरमन बार्कर वर्षातून एकदा पोस्टाने पाठवतो. माप खऱ्या गाडीच्या एका फुटाला तीन मि.मी. बाकी जग म्हणे चारवालं. आपण तीनवाले, मूठभर. का, ते दूधवाल्यालाही सांगून झालंय: आपला रूळ साडेपाच फुटी, तीन पंचे पंधरा आणि वर दीड, साडेसोळा. तयार मिळणारा रूळ साडेसोळाचाच! पण पेटीतली चाकं विलायती अरुंद लाइनीची, बारावर बसवलेली. ती उपटायची, सायकलच्या स्पोकचा आस घालायचा, साडेसोळावर सरकवायची. ते माझं काम.

नियम एकच. आधी कोरडं जुळव, मग चिकटव. दिवसातून दहादा ऐकतो.

चारला र. ड्यूटीवरून आली. गा.सां.ची मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पूर्ण नाव लिहीत नाही, ही वही मामा वाचतो असा संशय आहे. वॅगन बघून म्हणाली, "यात भरणार काय?" म्हटलं, काही नाही. "मग एवढा घाम कशाला गाळता?" आणि हसली.

घरी सायकल चालवत आलो की हातात धरून, आठवत नाही.

२४ ऑक्टोबर

बार्करचं पार्सल. ब्रेकव्हॅन! गार्डचा डबा. सोबत पत्र, गा.सां.नी मला वाचायला लावलं, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तीन मि.मी.चे भाग करणारा कारखाना बंद पडला. ही दुकानातली शेवटची पेटी. यापुढे पाठवायला काही नाही.

गा.सां.नी पेटी उघडली नाही. कानाशी धरून हलवली. आतले भाग प्लास्टिकच्या काडीला धरलेले, शेंगा वेलाला असतात तसे, त्यामुळे आवाज जेमतेम, एक खुळखुळ.

"हिला कुणी हात लावायचा न्हाई. एकतीस वर्षं हिच्यात बसलो, हिच्यात जेवलो. डोळे हू दे. ही मी करनार."

"बरं."

"कॉलेज, तुला सांगतोय."

"ऐकलं म्हटलं ना!" आवाज चढला माझा. र. ने आतून पाहिलं. लाज वाटली.

८ नोव्हेंबर

गा.सां.चं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याला दोन बाजूंनी वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, जोर करायचा नाही, ओरडायचं नाही. सहा आठवड्यांनी चष्मा. मला म्हणाले, पडवीत बसून पाचवी वॅगन करत जा, कुलूप आतल्या खोल्यांना हाय. म्हणजे रस्त्यावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर बस. समजलं मला ते.

११ नोव्हेंबर

 नीट लिहितो.

दुपारी गा.सां.ची बहीण, आत्याबाई, पडवीत तांदूळ निवडत होती. मला ऐकवायलाच म्हणाली, "आमच्या रूथला श्रीरामपूरचं स्थळ आलंय. ग्रॅज्युएट मास्तर हाय. ग्रॅज्युएट. नाताळ झाला की सत्तावीसला बघायला येत्यात." ग्रॅज्युएट हा शब्द तिने दोनदा उच्चारला. (नाव पूर्ण लिहून गेलो. असो.)

डोकं फिरलं. वाटलं, एक गोष्ट, एक तरी गोष्ट मी शेवटपर्यंत पुरी करून दाखवतो. ती सूप घेऊन आत गेली तशी पडवीतल्या कपाटातून ब्रेकव्हॅनची पेटी घेतली, शर्टाखाली धरली, दुकानात आलो. मामा जेवायला गेला होता. भाग काडीवरून तोडले. कोरडं जुळवलं नाही. गा.सां.ची भाग चिकटवायची क्लोरोफॉर्मची बाटली तिकडेच राहिली होती, म्हणून सायकलच्या फ्रेमला रंग देतो ते थिनर घेतलं. सुईने एक थेंब सोडायचा असतो. मी ब्रश मारला.

डब्याची बाजूची भिंत डोळ्यांसमोर बसली. पाकात बुडवल्यासारखी. दार गेलं, खिडकी गेली. ओढून काढायला गेलो तर दुसरी बाजूही बोटाबरोबर आली.

चाकांची बैठक, छप्पर, दोन टोकांच्या भिंती शाबूत. दोन्ही बाजू संपल्या.

दुसरी पेटी जगात नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

र. ला सांगितलं. चर्चवरून येताना वाटेत गाठलं, आत्याबाई चार पावलं पुढे. वर्तमानपत्राची पुडी उघडून दाखवली. तिने वितळलेली कड बोटाने चाचपली.

"कोरडं जुळवलं होतं?"

"नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पप्पांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार," एवढंच.

म्हटलं, आधी नवीन करतो, मग सांगतो. कशाचं करणार? प्लास्टिक कुठाय? संध्याकाळी आत्याबाईंच्या हातून एक पुडकं आलं. पांढरी प्लास्टिकची साबणाची डबी. आत साबण नाही.

१४ नोव्हेंबर

स्टेशनच्या यार्डात खरी ब्रेकव्हॅन उभी होती. टेप घेऊन मोजायला लागलो. एक सांधेवाला पॉइंट्समन झेंडी उगारून धावत आला.

"ए, काय चोरतो रे?"

"मोजतोय."

"का, उचलून न्यायचीय का काय घरला?"

साळवे गार्डांचं नाव घेतलं तसा खाली बसला, विडी पेटवली. म्हणाला, साळवेसाहेब चढताना कायम डाव्या हातानं दांडी धरायचे, दाराच्या आतल्या अंगाची. मग टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं. बाजूची लांबी एकवीस फूट. दार, दोन खिडक्या, दांडी, पायऱ्या, सगळं लिहून आणलं.

१५ नोव्हेंबर

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

गा.सां.च्या स्टीलच्या पट्टीला दोन कडा आहेत. एकीवर चारचे फूट, दुसरीवर तीनचे. मी चारच्या कडेने आखलं. दिवसभर पात्याने कापलं, खिडक्या कोरल्या, दोन्ही बाजू तयार केल्या. चौऱ्याऐंशी मि.मी. बैठक त्रेसष्टची. कापण्याआधी बैठकीवर एकदा ठेवून बघायचं होतं फक्त. एकदा!

एक बाजू भिंतीवर फेकली. दोन तुकडे. मामा म्हणाला, "लई झाला हां तुजा नखरा. आन् त्या पोरीकडं बगू नको, आधीच सांगून ठेवतो. त्यांचं येगळं, आपलं येगळं."

"मी बघतो असं कोण म्हणतं?"

"आरं, दुकानातली निम्मी स्पोकं तिकडं गेली. कुणी म्हनायला कशाला पायजे?"

१६ नोव्हेंबर

र. ने दुसरी डबी दिली. निळी, तिची स्वतःची. "आता नाही बरं का. उद्यापासून माझा साबण ओल्या फडक्यात."

पट्टीच्या चारच्या कडेवर मामाची चिकटपट्टी लावून टाकली.

१८ नोव्हेंबर

गा.सा. घरी आले. अजून पट्टी. पडवीतल्या खुर्चीत बसवल्याबरोबर म्हणाले, रूळ मांडा. फळीवरच्या साडेसोळाच्या रुळावर पाचही वॅगनी ठेवल्या. बोटांनी एकेक चाचपली. पाचवीला थांबले. "बफर जरा तिरका," म्हणाले आणि पुढे गेले.

मग, "पेटी दे माझी."

पेटी मी परत कपाटात ठेवली होती, पण रिकामीच. काड्या, कागद आणि वजनाला म्हणून घातलेले सायकलचे चार छर्रे. मी दिली. कानाशी धरली. हलवली. परत हलवली. छर्रे गडगडले.

"कुणी उघडली?"

मी तोंड उघडलं. मग मिटून पाचव्या वॅगनचा बफर सरळ करू लागलो.

"मी, पप्पा," र. म्हणाली. "कपाट झाडताना पडली. भाग सुटे झाले."

गा.सां.नी पेटी मांडीवर ठेवली. मग, "बरं. माझ्या हातून बी पडली असती."

ती आत गेली. मी तिथेच उभा. हात धड खिशात जाईना, धड बाहेर राहीना.

१९ नोव्हेंबर, रविवार

तिला म्हटलं, उपकार झाले. फणकारली. "तुमच्यासाठी नाही बोलले. टाक्यांवर जोर आला तर पप्पांचा डोळा जाईल. तुम्ही तोंड उघडलं की घरात आरडाओरडा होतो, ठाऊक आहे मला. चष्मा लागला की त्याच दिवशी सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मग या पडवीत पाऊल टाकायचं नाही."

चष्मा वीस डिसेंबरला.

३ डिसेंबर

बाबा घोडेगावहून आले. यंदा चारा नाही, बाजारात जनावरं रग्गड आणि गिऱ्हाईक नाही. आमची खिल्लारी बैलजोडीही विकली. गळ्यातली मणीमाळ तेवढी काढून आणली होती, देताना हात आखडला म्हणे.

दुकानात ब्रेकव्हॅन पाहिली. "ह्याच्यासाठी कॉलेज सोडलं व्हय? बसता येतं का हिच्यात?"

"नाही."

"मंग बैल बरा."

चिडलो नाही. नवलच. एक बाजू तेव्हा बैठकीवर कोरडी उभी होती, नवव्यांदा. फट राहत होती, केसाएवढी. कानशीचे दोन हात मारले, परत उभी केली. दहाव्यांदा बसली.

१० डिसेंबर, रविवार

र. ला विचारलं, स्थळाला होकार दिलाय का?

"मला कुणी विचारलंच नाही."

"घरच्यांनी?"

"घरच्यांनी नाही. तुम्हीही नाही."

आणि मी काय बोललो? म्हणालो, मी कसा विचारणार, तो ग्रॅज्युएट आणि मी स्पोक विकणारा! रस्त्यात, मोठ्याने. दोन बायका वळून बघायला लागल्या. ती निघून गेली. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. तेही अर्ध्यात.

१७ डिसेंबर, रविवार

व्हॅन झाली. बाजू निळ्या दिसू नयेत म्हणून तांबूस रंग दिला, दोन हात, मध्ये एक दिवस वाळू दिला. दांडी सायकलच्या ब्रेकच्या तारेतल्या एका धाग्याची. दाराच्या आतल्या अंगाला. थिनरला हात लावला नाही.

तीन दिवस.

२० डिसेंबर

गेलो. गा.सां.ना चष्मा लागला होता, भिंगं बाटलीच्या बुडासारखी. र. दारात. मी टेबलावर ओळीने मांडलं: वितळलेल्या बाजू, चौऱ्याऐंशीच्या बाजूचे दोन तुकडे, मग नवी व्हॅन. म्हटलं, पेटी मी उघडली. तुम्ही नको म्हटल्यावर. रूथ खोटं बोलली ते तुमच्या टाक्यांसाठी.

एका दमात. आवाज न चढवता.

गा.सां.नी आधी वितळलेली बाजू उचलली. डोळ्यांशी नेली, लांब धरली, परत जवळ. मग तुकडे. "चारच्या कडेनं मोजलं." विचारलं नाही, सांगितलं. मग व्हॅन. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या तारेच्या दांडीवर ठेवलं आणि तसेच बसले. पेटीच्या कागदावरच्या चित्रात ती दांडी नाही.

रुळावर पाच वॅगनींच्या मागे व्हॅन लावली. बोटाने ढकलली. अख्खी गाडी फळीच्या टोकापर्यंत गेली, एक चाक उतरलं नाही.

"दिवा कुठाय?"

"अं?"

"शेपटीचा तांबडा दिवा. तो दिसला न्हाई तर स्टेशन मास्तर समजतो गाडी मधीच तुटली, निम्मी मागं ऱ्हायली. मागच्या गाडीला लाइन मिळत न्हाई." व्हॅन परत माझ्या हातात दिली. "दिवा लावून आन. रविवारी. आन् एकटा येऊ नको. मामाला घेऊन ये."

"मामाला कशाला?"

ते रुळावरच्या वॅगनी उचलून ठेवायला लागले. रागावलेत का, बघायला गेलो, पण त्या भिंगांमागे डोळे एवढे मोठे दिसतात की राग ओळखूच येत नाही. र. कडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती.

२१ डिसेंबर

मामाला सांगितलं. पंक्चरची ट्यूब पाण्यात धरून बसला होता, बुडबुडे बघत.

"तक्रार करनार आसंल तुजी."

"असेल."

"न्हाईतर?"

मामा ट्यूब फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी भांडायला येनार न्हाई, आन् मागनी घालायला बी येनार न्हाई. पर येतो. धुतलेली टोपी काढून ठीव."

सत्तावीसला सहा दिवस.

बाबांनी दुकानात ठेवलेल्या बैलांच्या माळेत सगळ्यात बारीक तांबडा मणी शोधला. एक फुटाचा दिवा म्हणजे तीन मि.मी. मणी चारचा निघाला. सकाळपासून पॉलिश कागदावर घासतोय, बोटाची सालं गेली. दुपारी साडेतीन मि.मी. होता. आता तीन आणि वर कणभर. व्हॅनच्या मागच्या कडीत ठेवून बघितला.

कोरडाच. चिकटवला नाही.