मोसुलच्या शाळेतले बाक

डिस्कव्हरी गार्डन्स,
बुधवार, दुपार

प्रिय सुजीत,

एकाच घरात राहून बापाने मुलाला पत्र लिहायचं म्हणजे तुला नाटकी वाटेल. वाटू दे. मी परत आल्यापासून जेवणाच्या टेबलावर मोसुलचं नाव काढलं की तू "बाबा, खलास, तो विषय नको" म्हणतोस, वीणा माझ्या पानात न मागता पोळी वाढते आणि ईरा कानात हेडफोन घालते. पत्राला मध्येच पोळी वाढता येत नाही. म्हणून तुम्ही सगळे कामाला, शाळेला गेल्यावर लिहायला बसलो. खाली झाडांवर ऊन पेटलंय आणि मी एसीत शाल पांघरून बसलोय. या आखाती देशात माणसाला दोन ऋतू एकदमच भोगावे लागतात.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. सत्तरीला टेकलेला माणूस, त्यात शुगर, आणि तिकडे ढिगाऱ्याखाली अजून न फुटलेले बॉम्ब सापडतात. सगळं खरं. आमच्या शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाशी कवटीचं चित्र काढलेला लाल फलक आहे आणि मी त्या गल्लीत पाऊल टाकत नाही. म्हातारा असलो तरी मूर्ख नाही. पण परवा तू विचारलंस, "युद्ध संपलेल्या गावात तुमचं काय काम?" त्याचं उत्तर पोळीखाली राहून गेलं. अरे, सुताराचं काम युद्ध संपल्यावरच सुरू होतं.

यहया तुला आठवत असेल. इथल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात तो पॉलिश करायचा, मी सुतारकामाचा सुपरवायझर. हिंदी, अरबी, इंग्रजी कालवून झालेल्या कारखान्याच्या भाषेत आम्ही भांडलो, जेवलो, म्हातारे झालो. मोसुलची लढाई संपल्यावर तो तिकडे, आपल्या गावी परत गेला. मग एके दिवशी त्याचा फोन आला, "हबीबी, स्कूल का बेंच सब टूटा है. तीन हफ्ता आओ. खाना मेरा, हथौडा तुम्हारा." तीन आठवड्यांसाठी गेलो आणि सहा महिने राहिलो. एक शाळा झाली की पुढचं गाव. पिकअपमध्ये हत्यारांची पेटी, पाठीमागे फळ्या, आणि कुठल्या कुठल्या देशांतली स्वयंसेवक पोरं. म्हाताऱ्या माणसाला म्हणायची तिथली रीत म्हणून मला ती 'हाजी' म्हणतात. मी हाजी नाही असं दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

का राहिलो ते सांगतो. पहिल्या शाळेत छप्पर अर्धंच होतं, त्याखाली वर्ग भरायचा. मी बाहेर रंधा मारत होतो आणि आतून मुलं कविता म्हणायला लागली. सगळी एका सुरात, चालीवर, डोलत. सुजीत, माझा हात थांबला. मिरजेच्या आमच्या शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे आणि आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो, तो सगळा वर्ग, ती खडूची धूळ, खिडकीतला पिंपळ एकदम समोर उभा राहिला. मला त्या अरबी कवितेचं अक्षरही कळत नव्हतं, पण श्वास कुठे घ्यायचा ते बरोबर कळत होतं. मग मधल्या सुट्टीत मी त्यांना माझी चौथीतली कविता म्हणून दाखवली. पोरं हसून हसून लोळली, आणि दुसऱ्या दिवशी "हाजी, पुन्हा" म्हणून मागे लागली. आयुष्यभर ज्या कवितांसाठी तुझी आई मला 'अवेळी गाणारा कोंबडा' म्हणायची, त्यांना शेवटी श्रोते मिळाले ते तिथे.

तू म्हणालास, "बाबा, प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवू. पाच हजार दिरहॅम, म्हणजे सव्वा लाख. विषय संपला." तुझं मन मोठं आहे, मला ठाऊक आहे. पण ते जुने बाक तू पाहिले नाहीस. गोळ्यांनी भोकं पडलेले, काही अर्धे जळलेले, आणि त्यांच्यावर मुलांनी कर्कटकाने कोरलेली नावं. मी सवयीने सँडपेपर घेतला तर यहयाने माझं मनगट धरलं. म्हणाला, "पाय नया लगाओ, ऊपर हाथ मत लगाओ." मला वाटलं, पॉलिशवाल्याला पॉलिश नको म्हणजे काय! पुढे एक दिवस झारा नावाची मुलगी आली. चांगली विशीतली, लढाईत घर सोडून गेली होती, नुकतीच परतली होती. एकेका बाकावरून हात फिरवत गेली, एकावर आपलं नाव सापडलं तशी थांबली, बसली. गुडघे काही केल्या आत मावेनात. ती हसली आणि तिने शेजारच्या नावावर बोट ठेवून यहयाला काहीतरी विचारलं. यहयाने नकारार्थी मान हलवली. ती उठेपर्यंत आम्ही कोणी ठोकठाक केली नाही. त्या गावांत असे पुष्कळ बाक उरलेत, आणि कंत्राटदार आले की ते आधी सरपणात जातील. म्हणून मला घाई आहे.

आता तुझ्याबद्दल. तू माझा पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवलास, 'सेफ राहील' म्हणून. लॉकरचा नंबर मला माहीत आहे. मी पासपोर्ट काढून घेतला नाही, कारण मला चोरासारखं जायचं नाही. आणि मला हेही माहीत आहे की तुला भीती आहे ती बॉम्बची नाही. तुम्ही गावी होता आणि मी इकडे रोल्लातल्या खोलीत सहा जणांत राहून नोकरी करत होतो, तेव्हा तू दर सुट्टीच्या शेवटी माझी बॅग लपवायचास. एकदा माळ्यावर, एकदा शेजारच्या मनोरमाकाकूंकडे. तेव्हा बॅग होती, आता पासपोर्ट आहे. पण माफी मागायला मी हे लिहीत नाही, बाळा. तेव्हा गेलो ते पोटासाठी आणि ते बरोबरच होतं. आता जातोय ते स्वतःच्या हौसेने, आणि तेही बरोबर आहे. तुझी आई गेल्यावर तू मला इथे आणलंस, फुलासारखं ठेवलंस. मॉलमध्ये फेऱ्या, वेळेवर गोळ्या, रविवारी ईराबरोबर आइस्क्रीम. पण फुलासारखं ठेवलेल्या माणसाला दिवसभर काही काम नसतं रे.

आता हे पत्र का लिहिलं ते. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर इथला रहिवासी व्हिसा जातो, म्हणून या वेळी तू मला बोलावून घेतलंस. विमानतळावर मला जवळ घ्यायच्या आधी तू विचारलंस, "एन्ट्री लागली ना सिस्टिममध्ये?" तो व्हिसा तू काढलास, तो रद्दही तुझ्याच सहीने होतो. माझं शुक्रवारचं तिकीट झालंय. त्याआधी तो रद्द कर आणि पासपोर्ट तुझ्या हाताने माझ्या हातात दे. रागावून सांगत नाही. व्हिसा जिवंत ठेवायला मला या घरात पुन्हा यायचं नाही. दिवाळीला येईन, पाहुण्याच्या व्हिसावर, ईराला आणि वीणाला आणि तुला बघायला. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही. त्या वेळी विमानतळावर मला सिस्टिमचं विचारू नकोस. आधी जवळ घे.

तुझाच हट्टी,
बाबा