जळत्या जहाजातून परतल्यावर

तीर्थरूप अण्णांना समुद्रावरून समृद्धीचा नमस्कार.

मी बरी आहे. डाव्या हाताला जरा भाजलंय, आईला सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

परवा लढाईच्या भागात एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. आमच्या युद्धनौकेवरून आग विझवायला गेलेल्या तुकडीची अधिकारी मीच होते. खाली अडकलेले नऊ खलाशी जिवंत निघाले. शेवटचा, रत्नागिरीकडचा म्हातारा, माझा हात सोडेना. "पोरी, भीती नाही वाटली?"

"लई वाटली," मी म्हटलं.

आज समुद्र निवांत आहे. डेकवर उभं राहिलं की आपल्या गावाहून वाशीला जाणाऱ्या वाटेवरची ज्वारी डुलल्यासारखी दिसते, आणि बांधावरून तुम्ही चालत येता.

अण्णा, तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात तुम्ही मला कधी पाऊल टाकू दिलं नाही. स्वतः मात्र रोज कामाला आत जायचात. कसं जात होता, ते परवा कळलं.

तुमची लेक,
समृद्धी