चिमीचं वजन

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ९.
सोसायटीच्या मीटररूममध्ये मांजराचं पिल्लू सापडलं. पंपामागे, एकटंच. डोळे नुकते उघडलेले. आईचा पत्ता नाही. घरी आणलं. नाव चिमी.

कुंदाला पुण्याला जाऊन तीन आठवडे झाले. आमच्या शौनकला मुलगा झालाय. मला बोलावलेलं नाही. तुम्हाला तान्ह्याचं काय कळतंय, शौनकच्या वेळी तुम्ही कायम सेकंड शिफ्टला होतात, असं ती व्याह्यांसमोर म्हणाली. अंबरनाथच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय मी! चिमीला महिन्याभरात गुटगुटीत करून दाखवतो. मग बघू कोण कुणाला बोलावतं.

फ्रिजवर चार्ट लावला. दूध ८, २, १०. तीनच वेळा, पोटाला सवय लागली पाहिजे. वजन (किचनचा काटा) ३१० ग्रॅम.

मंगळवार, ७ जानेवारी.
चिमीला अंघोळ. गार पाणी, त्यात जंतुनाशकाचं एक झाकण. गार पाण्याने काटकपणा येतो. मी स्वतः आमच्या कात्रपच्या थंडीतही गीझर लावत नाही. (लावतो, पण ते गुडघ्यासाठी.) खूप ओरडली. मुक्काम बाथरूममध्ये, टाइल्सवर टॉवेल. म्हशीचं दूध सायीसकट बशीत दिलं. बशीत उभी राहिली.

संध्याकाळी किचनच्या ग्रिलशी बोका आला. काळापांढरा, थोराड. बोके पिल्लं खातात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खिडकी बंद.

वजन २९०. साहजिक आहे, मळ निघाला.

बुधवार, ८ जानेवारी.
बोका पहाटेपासून ओरडतोय. ग्रिलला आतून पुठ्ठा लावला. चिमी आतून त्याला उत्तर देते. लहान आहे, शत्रू कळत नाही. दूध बोटाने तोंडात घातलं. नाकातून आलं. जुलाब सुरू. म्हणजे पोट साफ होतंय.

वजन २७१. काटा खराब. तपासायला साखरेचं अर्ध्या किलोचं पाकीट ठेवलं. बरोबर ५०० दाखवलं. म्हणजे पाकीटही चुकीचं आणि काटाही, आणि दोन्ही चुका नेमक्या जुळल्या. असं होतं.

कुंदाचा फोन. चिमीचं सांगितलं. दर दोन तासांनी पाजता ना, म्हणाली. म्हटलं, अर्थात. चार्ट बदलणार नाही. सिस्टीम म्हणजे सिस्टीम.

गुरुवार, ९ जानेवारी. दुपारी २.
चिमीचं रडणं बंद! तीन दिवसांत शिस्त लागली. शौनकला लागायला अठरा वर्षं लागली. आता इतकी शांत आहे की हाक मारली तरी मान उचलत नाही. पाय गार लागले. टॉवेल दुहेरी केला.

बोका मात्र तिथेच. ग्रिलवर काठी आपटली, हलला नाही. माझ्याकडे बघत बसला. मला ते बघणं आवडलं नाही.

वजन २५४. चार्टवर लिहिलं नाही. एकदम आठवड्याची सरासरी काढू.

शुक्रवार, १० जानेवारी. सकाळी ११.
समोरच्या फ्लॅटमधली प्रीती कॉलनीतल्या मांजरांना खायला घालते. बोक्याची तक्रार करायला मीच तिला बोलावलं. पुठ्ठा बाजूला करून तिने बघितलं आणि म्हणाली, काका, हा बोका नाहीये. मांजरी आहे, दूध भरलंय तिला, दिसत नाही का? एकेक पिल्लू उचलून गच्चीत नेत होती. चार नेली. पाचवं आणायला आली तर जागेवर नाही.

मी म्हटलं, बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल. तिने चिमीला हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. मी कारण विचारलं नाही.

खिडकी उघडली. मांजरी आत आली. चिमीला हुंगलं, मागे सरकली, परत हुंगलं, शिंकली. मग खिडकीतून निघून गेली. प्रीती म्हणाली, औषधाचा वास येतोय काका, तिला ओळखूच येत नाहीये. ओढणीत गुंडाळून चिमीला डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेलो असतो, पण घरी कुणीतरी हवं.

शनिवार, ११ जानेवारी. सकाळी ७.४०.
प्रीतीचा फोन. चिमी पहाटे गेली. थंडी आणि उपासमार, असं डॉक्टर म्हणाले. उपासमार कशी? रोज अर्धा लिटर दूध घेत होतो. काहीतरी जन्मजात असणार. अशी केस शंभरात एक.

चार्ट काढला. सेलोटेप फ्रिजवरून निघत नाहीये. नखांनी खरवडतोय.

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळी ५.
कुंदाचा फोन. चिमी कशी आहे, म्हणाली. म्हटलं, झकास. आई येऊन घेऊन गेली.

कुंदा इतकी खूश झाली की विचारू नका. म्हणाली, माझंच चुकलं, जमतं की तुम्हाला. बुधवारी निघा. बाळाची अंघोळ आणि दुपारचं दूध आता तुमच्याकडे. सूनबाईही हो म्हणतेय.

हेच तर हवं होतं. म्हटलं, बुधवारी जमणार नाही, सोसायटीची मीटिंग आहे. मग गुरुवारी, म्हणाली. म्हटलं, मीटिंगा बऱ्याच आहेत.

तेवढ्यात तिकडे बाळाने भोकाड पसरलं. थांबा हं, याला आधी गप्प करते, असं कुंदा म्हणाली. मी म्हटलं, नको, रडू दे त्याला. आणि फोन कानाला धरून ऐकत राहिलो.