वरचं पाच लिटर पाणी

मिल्टन कीन्स, ऑक्टोबर २००६

श्रीरंगदादा,

या वेळी नमस्कार नाही. आम्ही इकडे मजेत आहोत, तुझ्या कृपेने नाही.

घरी बिअर करायच्या किटच्या बादलीत तेवीस लिटरच्या खुणेपर्यंतच पाणी घालायचं असतं. तेवढं घालून मी ती गार व्हायला ठेवली होती. तुला विमानतळावर सोडून आले, गोडी मोजायला हायड्रोमीटर सोडला, तर रीडिंग १०४० ऐवजी १०३३! पाणी खुणेच्या पाच लिटर वर. तुला फोनवर विचारलं, तर म्हणतोस, "अगं, पार्टीला माणसं जास्त ना? आमटी नाही का वाढवत?"

बिअर म्हणजे आमटी नव्हे, दादा. वरून साखर ढकलली, तरी पाणचटच झाली. पाहुणे बिचारे "लाइट आहे" म्हणत प्यायले.

आईचंही तू हेच करतोस. दर फोनला "थोडा अशक्तपणा आहे, बाकी छान." फोनवर ती तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून पत्र लिहितेय. ती जेवते का? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? पाणी न घालता कळव. इतक्या लांबून तुझा शब्द तपासायला माझ्याकडे हायड्रोमीटर नाही.

अजून चिडलेली,
मुक्ता