धावपट्टीच्या टोकाचं घर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १२ जानेवारी २०२५

चि. दीक्षास बाळासो आजोबांचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

पत्रास कारण, बेटावर फोन लागत नाही, बोट पंधरा दिवसांनी येते, म्हणून इथं जीव टांगणीला. पाणी उकळून पी. साप असतील. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ओसाड विमानतळाचा इतिहास लिहितेस ते चांगलं, पण त्यात माझ्या वडिलांना शोधू नकोस. मी दोन वर्षांचा असताना ते आजऱ्याहून तिथंच खडी फोडायला गेले, ते परत आले नाहीत. गाव म्हणायचं, गुंडू पळाला. आई म्हणायची, वारलं असतील. मी आईचं धरून चाललोय. आता ते मोडू नये. तुझी आजी शालन म्हणते, उगाच भिता. भितो, व्हय.

काळजीनं अर्धा झालेला,
तुझा आजोबा

बेटावरून
२ फेब्रुवारी

ती. आजोबांस दीक्षाचा जयभीम.

आजीला सांगा, साप अजून भेटलेला नाही.

मी शोधलं नाही, तरी सापडलं. इथली धावपट्टी मजुरांनी हातानं दगड बसवून केली. विमानं जेमतेम वर्षभर उतरली. लढाई संपल्यावर साहेब गेले, मजुरांनाही बोटीनं नेलं. आता तिच्यावर खोबरं वाळतं. टोकाच्या घरात एक बाई राहतात. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आजरा लांब हाय का तिथनं?" वडिलांनी शिकवलेली मराठी. त्यांचं नाव बाळाबाई, वय बहात्तर. वडील गुंडू. ते बोटीत चढलेच नाहीत. इथंच दुसरा संसार केला.

आजोबा, बाळाबाईंना आता आपलं म्हणायला कुणी नाही. तुमचं नाव सांगू का? नको म्हणालात तर गप्प बसेन.

रागावला तरी माया असू द्या.
दीक्षा

कोल्हापूर
२३ फेब्रुवारी

चि. दीक्षास जयभीम.

दोन दिवस जेवलो नाही. बोट होती आणि चढले नाहीत, ह्याला माफी न्हाय. आई मरेपर्यंत आजऱ्याच्या स्टँडकडं बघत होती. शालन म्हणाली, "बापाचा राग बापावर काढा की. त्या पोरीनं काय केलंय?" बहात्तर वर्षांची पोर! पण खरं आहे. बाळाबाई हे माझ्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव. तेवढं तरी त्यांनी टाकलं नव्हतं.

तुझ्या इतिहासात गुंडूचं नाव घाल. परत आला नाही, हेही लिही. दगड बसवले, तेही लिही.

माझं नाव तिला सांग. मी समुद्र ओलांडायचा नाही, भ्या वाटतं; तिलाच यावं लागेल, पावसाच्या आधी. बोट लागते का, बीपीच्या गोळ्या आहेत का, विचार. सोबत लुगडं पाठवतोय. रंगापायी दुकानात तास घालवला, शेवटी हिरवं घेतलं. तिथं नेसत नसतील तर नुसतं हातात दे. तिला एकटीला पाठवू नकोस, घेऊनच ये.

तुझा आजोबा
आणि बाळाबाईचा थोरला भाऊ,
बाळासो