टर्की कोरडी पडू नये म्हणून

बाई, तुम्ही आम्हाला टर्की शिजवायच्या पाच पद्धती शिकवल्या होत्या, आणि आमच्या वर्गातल्या एकीनेही तो पक्षी पाहिलेला नव्हता. तुम्हीही नव्हता पाहिलेला. अभ्यासक्रम अमेरिकेच्या पुस्तकावरून बेतलेला होता, पुस्तकात नाताळच्या जेवणाचं एक अख्खं प्रकरण होतं, आणि पुस्तकात आहे म्हणजे परीक्षेत येणार. मग काय, नागपूरच्या उन्हात पंख्याखाली बसून आम्ही घोकत होतो: अख्खा पक्षी लोणी चोपडून ओव्हनमध्ये भाजायचा, किंवा आधी मिठाच्या पाण्यात मुरवायचा, किंवा वाफवून घेऊन नंतर वरून लालसर करायचा, किंवा तुकडे करून झाकण घालून मंद शिजवायचा, किंवा पोटात पाव-कांद्याचं सारण भरून दोऱ्याने शिवायचा. चातुर्मासात तुमच्या घरी कांदाही यायचा नाही. मागच्या बाकावरच्या पोरी म्हणायच्या, बाईंनी आयुष्यात अंडं फोडलं नसेल आणि आपल्याला पक्षी भाजायला शिकवून राहिल्या. पण एक कबूल करते, शिकवायच्या मात्र तुम्ही फार सुरेख. त्या पक्ष्यावर चमच्याने रस कसा सोडत राहायचा हे तुम्ही रिकाम्या ताटावर रिकाम्या पळीने दाखवलं होतं, आणि आम्हाला खरोखर काहीतरी भाजल्याचा वास आला होता.

त्या वर्गात मी एकटीच इंदोऱ्याच्या वस्तीतली होते. बाबा मिलमध्ये होते, बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दहा-बारा वर्षं झाली होती, आणि मी शिष्यवृत्तीवर शेवटच्या वर्षापर्यंत आले होते. जूनमध्ये आपल्या गृहविज्ञान विभागात डेमॉन्स्ट्रेटरची एक जागा निघणार होती. ती कुणाला द्यायची हे तुमच्या शब्दावर होतं, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा पुरणाचं प्रात्यक्षिक झाल्यावर व्हरांड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझ्या हाताला चव आहे हं, मी लक्षात ठेवलंय." बस्स, एवढंच म्हणालात. तेवढ्यावर मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की जागा माझीच. बाबांनी मिलमध्ये सांगितलं, विहारात सांगितलं. पोरगी कॉलेजात शिकवणार, खुर्चीवर बसून. दोष तुमचा नाही बाई, तुम्ही वचन दिलं नव्हतं. पण आमच्यासारख्यांशी बोलताना माणसाने शब्द जरा जपून वापरावेत, कारण आम्ही ते घरी घेऊन जातो.

त्या वर्षी परदेशी पाहुण्या बाई आल्या होत्या, आपला विभाग बघायला आणि सल्ला द्यायला. नाताळात त्या एकट्याच इथे असणार होत्या. तुम्हाला वाटलं, त्यांच्या घरच्यासारखं जेवण आपल्या प्रयोगशाळेत करून दाखवावं. वाटणं चांगलंच होतं. कामठीला एक निवृत्त रेल्वेवाले साहेब टर्क्या पाळतात असा पत्ता लागला, आणि नाताळच्या दोन दिवस आधी सकाळी बांबूच्या डालग्यात बसून पक्षी आला. जिवंत.

अजून मला ते दिसतं. मागच्या अंगणात डालगं ठेवलेलं आहे, पक्षी मान ताठ करून गळ्याची लाल झोळी हलवतो आहे आणि मध्येच असा काही ओरडतो आहे की पोरी किंचाळत व्हरांड्यात पळतात. तुम्ही पदर नाकाला लावून खांबापाशी उभ्या आहात. हातात पुस्तक आहे. पुस्तकात पहिलीच ओळ अशी की साफ केलेला पक्षी घ्यावा. म्हणजे पुस्तक सुरू होतं ते पक्षी मेल्यानंतर. तुम्ही ते प्रकरण इतकी वर्षं शिकवलंत, पण ह्या ओळीच्या आधी कुणीतरी काहीतरी करावं लागतं हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. कसं येणार? तुमच्या घरात जे काही येत होतं ते धुऊन, निवडून, दारातूनच येत होतं.

शिपायाने कानावर हात ठेवले. मार्गशीर्ष आहे, घरी बायको गुरुवार करते, मी जीव घेणार नाही म्हणाला. खाटकाकडे न्यावं असं कुणीतरी सुचवलं, तर तुम्हाला ते नको होतं, कॉलेजची गाडी मटणाच्या दुकानापुढे उभी राहिली तर लोक काय म्हणतील. मग तुम्ही पोरींकडे पाहिलंत. एकेका चेहऱ्यावरून तुमची नजर फिरली आणि माझ्यापाशी थांबली. मला आधीच कळलं होतं ती थांबणार. तुम्ही अगदी मायेने विचारलंत, "अगं, तुमच्याकडे चालतं ना हे सगळं? तुला येत असेल."

बाई, आमच्याकडे चालत नव्हतं. आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत चालायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण आमच्या घरात नाही. दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात बाबांनी कोंबड्या विकल्या. प्राणी मारणार नाही हे पहिलं शील त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की बाजारातलं मटणही बंद झालं. शेजारचे त्यांची टिंगल करायचे, "काहून गा, बामन झाला का?" बाबा हसायचे. म्हणायचे, दीक्षा देताना सांगितलं त्यांनी एकदा, आता पाळायचं. म्हणजे त्या अंगणात तुमच्या आणि माझ्या घरच्या स्वयंपाकात फारसा फरकच नव्हता. तुम्ही विचारलं असतं तर कळलं असतं. तुम्ही विचारलंत ते विचारणं नव्हतं. तुम्ही माझी जात ओळखलीत, मला नाही ओळखलंत. आणि मी म्हणाले, हो बाई, येतं. मला जून दिसत होता.

गॅसच्या सिलिंडरांची खोली होती ना, तिच्या मागे मी ते केलं, कोबी चिरायच्या सुरीने. एका झटक्यात झालं नाही. याहून जास्त मी लिहीत नाही, तुम्हाला सोसणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. नंतर उकळत्या पाण्यात बुडवून पिसं उपटत बसले. तुम्ही एकदाच आलात, लांबूनच विचारलंत, झालं का गं? मी झालं म्हटलं. तुम्ही शाबास म्हणालात आणि घाईने वळलात.

त्यानंतरचा तमाशा आठवला की एरवी हसू आलं असतं. तुमच्या पाची पद्धती आपण त्या एका पक्ष्यावर लावून पाहिल्या म्हणा ना. ओव्हनमध्ये तो मावेना, तंगड्या बाहेर. वाफवायला एवढं पातेलं नाही. पाहुण्या बाई बिचाऱ्या म्हणाल्या, तुकडे करा, मला चालेल. तर तुम्हाला तो चित्रातल्यासारखा अख्खाच हवा होता, तंगड्या बांधलेला. मी भीत भीत म्हटलं, आमच्या शेजारच्या मावशी सावजी रश्श्यात काहीही मऊ करतात, भिवापुरी मिरची घालून. तुम्ही म्हणालात, छे छे, प्रयोगशाळेत वास बसेल. शेवटी नव्या बादलीत मिठाच्या पाण्यात तो रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सदर भागातल्या एका पाववाल्याच्या भट्टीवर न्यायचा ठरला. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, सायकलरिक्षात बसून मीच नेला. पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते तिच्यावर तो भाजला. मी दुपारभर भट्टीच्या तोंडाशी बसून, लांब दांड्याच्या पळीने त्याच्यावर लोणी आणि त्याचाच रस सोडत राहिले, अगदी तुम्ही रिकाम्या ताटावर दाखवलं होतं तसं. पाववाला म्हणाला, बेटी, इतकं कोण येऊन राहिलं जेवायला? मी म्हटलं, माझी नोकरी.

संध्याकाळी प्रयोगशाळेत पांढऱ्या चादरी घातलेलं टेबल होतं. आमच्या वर्गातली एका वकिलांची मुलगी रेशमी साडी नेसून आली होती. पक्ष्याचं ताट तिच्या हातात दिलं गेलं. ती ते घेऊन गेली आणि पाची पद्धती इंग्रजीत पाहुण्या बाईंना समजावून सांगायला लागली, फार गोड बोलायची ती. पक्षी छान तांबूस झाला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्यासाठी वेगळा वरणभात होता. मी मोरीपाशी भांडी घेऊन उभी होते, केसांत एक पीस अडकलेलं होतं. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, तू दमली असशील, आता घरी जा हो. तुमच्या आवाजात खोट नव्हती, तुम्हाला खरंच माझी दया आली होती. त्या दयेचा मला आजही संताप येतो.

घरी बाबांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ते चपलेचा अंगठा चाचपत बसले. मग विचारलं, "काहून केलं वं?" मी म्हटलं, नोकरीसाठी. ते म्हणाले, "मंग नोकरी भेटली पायजे." रोज सकाळी आम्ही सगळे शीलं म्हणायचो, दुसऱ्या दिवशी पहिल्या शीलाला माझा आवाज निघेना, तेव्हा बाबांनी आपला आवाज जरा मोठा केला.

जूनमध्ये जागा वकिलांच्या मुलीला मिळाली. तुम्ही मला खोलीत बोलावून समजावलंत, खुर्चीवर बसवलंत, पाणीसुद्धा दिलंत. म्हणालात की तुझं हाताचं काम उत्तमच आहे, पण डेमॉन्स्ट्रेटरला चार माणसांसमोर उभं राहून बोलावं लागतं, आणि नाताळाला तिने किती छान सांगितलं तू पाहिलंसच. हो, पाहिलं. मोरीतून. मला उभं केलं असतंत तर मीही बोलले असते, बाई. अडखळले असते थोडी, पण प्रत्येक वाक्य मला भट्टीपाशी बसून कळलेलं होतं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, बरं बाई.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "म्हणजे पाखरू फुकटच गेलं." माझं काय गेलं ते नाही बोलले, त्या पाखराचं बोलले. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि विहारात पोरीच्या खुर्चीचं काय झालं असं कुणी विचारलं की तेवढ्यापुरते उठून बाहेर जायचे. ते वारले तेव्हा मी कळमेश्वरला बायकांच्या प्रशिक्षण केंद्रात लोणची-पापड शिकवत होते. तिथे खुर्ची होती. पण ती त्यांनी सांगत फिरण्यासारखी नव्हती.

तुम्हाला मी शेवटची भेटले ती तुमच्या महाल भागातल्या घरी. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, अंथरुणाला खिळल्या होतात. का आले होते ते मलाच नीटसं माहीत नव्हतं. भांडायला असेल. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. तुम्ही मला लगेच ओळखलंत, सुनेला चहा करायला आत पाठवलंत, आणि ती गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच विचारलंत, "का गं, त्या टर्कीची चव कशी होती? मी कधी कुणाला विचारलं नाही. कोरडी तर नव्हती ना झाली? छातीचा भाग कोरडा पडतो म्हणतात."

मला कुणी वाढलंच नव्हतं, बाई. ह्या सगळ्या वर्षांत ते तुमच्या मनातही आलं नव्हतं, तुम्ही धरूनच चालल्या होतात की मी खाल्ली असेल. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं मला, आणि ते तुम्ही आयतं माझ्या हातात दिलं होतं. मी म्हटलं, नाही बाई, अगदी मऊ झाली होती. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "तू केलेली म्हटल्यावर होणारच."

हे कागद मी कुठे टाकणार, तुम्ही गेल्यावर तुमचा पत्ताच उरला नाही. शिवाय जे बोलायचं होतं ते बोलायला तुम्ही समोर होतात तेव्हा मी चहा पिऊन उठले. राग आला तो पार कळमेश्वरच्या बसमध्ये बसल्यावर, आणि तो अजून गेलेला नाही. पण तुमच्या दारापासून स्टँडपर्यंत मी पायीच गेले होते, रिक्षा न करता, आणि त्या सगळ्या वाटेवर तुमचं ते 'तू केलेली' मनात घोळवत मी खूश होते.